वरच्या सप्तकातली थरथर

मुलांनो,

परवा फोनवर तुम्ही म्हणालात की पेटीचे वरचे सूर बिघडलेत, फोनमधल्या ॲपवर काटा एका जागी ठरत नाही, आणि रेडमंडजवळ पेटी दुरुस्त करणारं कुणीतरी सापडलंय, त्यांच्याकडे ती पुढच्या आठवड्यात नेऊन टाकायची आहे. मागून तुमची आई म्हणाली, "ती पहिल्यापासून तशीच आहे." तिला एवढंच आठवतं. बाकीचं मला आठवतं, आणि ते सांगू शकेल असं आता दुसरं कुणी उरलेलं नाही. म्हणून पुण्याहून हे लिहून पाठवते आहे. तुम्हाला मराठी वाचायला वेळ लागतो हे मला माहीत आहे. आईकडून वाचून घ्या. पण पेटी गाडीत ठेवायच्या आधी वाचा.

ही गोष्ट ऐंशीच्या दशकातली. तुमच्या आजोबांना मिनेसोटात नोकरी लागली आणि आम्ही ईडन प्रेरीला राहायला आलो. तेव्हा तिथे आजच्यासारखी दाट वस्ती नव्हती. आमचं घर एका शेताच्या कडेला होतं, लाकडी, दुमजली, जुनं. खाली घरमालकीण आणि वर आम्ही तिघं. तुमची आई नुकती बालवाडीत जायला लागली होती. घर तापवायची भट्टी तळघरात होती. तिची गरम हवा पत्र्याच्या नळ्यांतून भिंतींच्या आतून वर यायची आणि जमिनीतल्या लोखंडी जाळीतून खोलीत सुटायची. जाळीतून नुसती हवा येत नसे. खालच्या मजल्यावर नळ सोडला, किटली शिट्टी वाजवायला लागली, कुणी खोकलं, की सगळं आमच्या पायाशी ऐकू यायचं.

घरमालकीण सत्तरीच्या पुढची होती. जन्म अर्जेंटिनातला, ब्यूनोस आयर्सच्या बंदरालगतचा. आईबाप इटलीहून मजुरीला गेलेले. नवरा मात्र पॅरिसचा, म्हणून आसपासचे सगळे तिला मादाम म्हणत आणि आम्हीही तेच म्हणायला लागलो. नवरा आम्ही येण्याच्या आदल्या वर्षी गेला होता. आम्ही त्याला पाहिलं नाही. त्याच्याबद्दल एवढंच ऐकलं होतं की तो कारखान्यात वेल्डर होता आणि लग्नकार्यांत अकॉर्डियन वाजवायचा.

पेटी माझ्या आईची. मिरजेहून घेतलेली, जुन्या लुगड्यांत गुंडाळून बोटीनं आलेली. तिच्यात प्रत्येक पट्टीखाली पितळेच्या दोन पातळ जिभा आहेत, दोन्ही एकाच सुरात लावलेल्या. भात्याची हवा दोन्हींतून एकदम जाते आणि एकच भरीव सूर निघतो. निघायला हवा. त्या हिवाळ्यात भट्टीची कोरडी हवा दिवसरात्र चालू राहिली आणि पेटीचं लाकूड आकसलं. एका जिभेचा सूर केसभर वर सरकला, दुसरीचा तिथेच राहिला. मग एक पट्टी दाबली की सूर सरळ निघेना. तो थरथरायचा, पाण्यात पाहिलेल्या दिव्यासारखा. खाली कमी, वरच्या सप्तकात फार. मला वाईट वाटलं, पण तिथे पेटी लावून देणारं कोण भेटणार? मी तशीच वाजवत राहिले.

दुपारी तीनच्या सुमाराला मी पेटी काढायची. आजोबा गाडी घेऊन कामावर गेलेले असत, बाहेर बर्फ, रस्त्यावर माणूस नाही. तुमची आई गालिच्यावर पोटावर पडून क्रेयॉननी रंगवत असायची. डिसेंबरातली एक दुपार, बाहेर उजेड उतरायला लागला होता, आणि मी दादऱ्यातलं एक साधं गाणं वाजवत होते. मध्य सप्तकातून वर गेले आणि जाळीतून घुंगरं वाजली.

एकच ठोका. मग पुन्हा एक. ताल बरोबर होता, पण आपल्याकडचा नव्हता. दादऱ्यात सम आणि काल असतात, कालावर ठोका हलका होतो किंवा सोडतात. खालचं जे काही होतं त्याला काल माहीत नव्हता. ते दोन्हीकडे सारखंच आपटत होतं: एक-दोन-तीन, एक-दोन-तीन, एकावर घुंगरं. मी हात उचलला. पेटी थांबली. त्यानंतर जाळीतून आणखी एक ठोका आला, आणि मग शांत झालं.

माझं माहेर सांगलीचं. लहानपणी तमाशाचा फड यायचा तो नदीपलीकडे उतरायचा. संध्याकाळी वारा आमच्या बाजूला असला की ढोलकी आणि चाळ पाण्यावरून ऐकू यायचे आणि माझे वडील उठून नदीकडची खिडकी लावून घ्यायचे. ते इंग्रजी शाळेत मास्तर होते. आम्ही मुली अभ्यास करतो असं दाखवत बंद खिडकीकडे कान लावून बसायचो. घुंगरांचा आवाज म्हणजे बंद खिडकीपलीकडचा आवाज, हे माझ्या मनात इतकं पक्कं बसलं होतं की मिनेसोटात बर्फाच्या दिवसांत तो माझ्या स्वतःच्या जमिनीखालून आल्यावर मी आधी उठून खिडकी लागलेली आहे का ते पाहिलं.

संध्याकाळी मी आजोबांना सांगितलं. ते बूट काढत होते.

"पत्रा आहे गं. तापला की वाजतो."

"अहो, पत्रा तालात वाजतो का?"

"चांगला बसवलेला असला तर वाजेल की."

"मी थांबले की तोही थांबतो."

"मग तुझ्यापेक्षा त्याला ताल बरा कळतो," म्हणाले आणि हसले. तुमच्या आईनं मान वर केली. "इट्स ओन्ली हिज फूट, बाबा," ती म्हणाली आणि परत रंगवायला लागली. कुणाचा पाय, असं विचारलं तर तिनं नुसतं जाळीकडे बोट दाखवलं.

मी व्यवस्थित बाई आहे. कारण सापडलं नाही तर मला झोप लागत नाही. दुसऱ्या दिवशी जाळीवर टॉवेलची घडी घालून वाजवलं. आवाज दबका झाला, थांबला नाही. नुसतं खालच्या पट्ट्यांवर वाजवलं, तेव्हा काहीच आलं नाही. वर गेले, घुंगरं आली. काही दिवसांनी त्याच्या जोडीला आणखी एक आवाज सुरू झाला, आणि तो पहिल्यापेक्षा वाईट होता. कुणीतरी श्वास घेत होतं. लांब, खोल, पोट भरून घेतलेला श्वास, मग तितकाच लांब सोडलेला. त्यात सूर नव्हता. मी भाता चालवणारी बाई, हवा आत-बाहेर होण्याचा आवाज ओळखते. पण माणसाच्या छातीत एवढी हवा मावत नाही.

त्या आठवड्यात बर्फ थांबल्यावर मी पायऱ्या साफ करायला उतरले. मादाम दारात मीठ टाकत होती. मी धीर करून विचारलं, दुपारी तुमच्याकडे घुंगरं वाजतात का. आम्ही इंग्रजीत बोलत असू, तिचं इंग्रजी तिच्या तऱ्हेचं होतं. तिनं मिठाचा डबा खाली ठेवला आणि माझ्याकडे बघत राहिली.

"म्हणजे तुलाही ऐकू येतो?"

"कोण?"

"तो. तीन वाजता वर येतो ना तुमच्याकडे."

मी मागे वळून जिन्याकडे पाहिलं. ती म्हणाली, "आत ये, कॉफी करते. अशी पांढरी पडू नकोस. तो कुणाला काही करत नाही, जिवंत होता तेव्हाही करत नव्हता."

तिच्या बैठकीत जाळीशेजारी एक खुर्ची होती, बसून बसून मध्ये खोल झालेली. तिच्यावर ती बसली नाही आणि मलाही बसू दिलं नाही. खुर्चीच्या पाठीला चामड्याचा पट्टा लटकत होता. त्याला लहान पितळी घुंगरं शिवलेली होती. ओळखीचीच दिसत होती. मी विचारलं, इथे नाचायचं कोण?

"नाचायचं? हा वाजवणाऱ्याच्या पायातला आहे."

मग तिनं सांगितलं ते मी जसं आठवतं तसं लिहिते. फ्रान्सच्या मधोमध डोंगराळ, गरीब मुलूख आहे. तिथली माणसं पोटासाठी पॅरिसला जायची. आधी पाणी भरायची, मग कोळसा वाहायची. पुढे त्यांनी एकाच दुकानात कोळसा आणि दारू विकायला सुरुवात केली. रविवारी दुकानामागच्या खोलीत बाकं भिंतीला लावायची आणि गावाकडचा एक म्हातारा बकरीच्या कातड्याची पिशवी काखेत दाबून तिला लावलेली सनई वाजवायचा. ढोल ठेवायला जागा नसायची, म्हणून पायात घुंगरं बांधून जमिनीवर ठोका द्यायचा. तिच्या नवऱ्याचा आजा तसा वाजवणारा होता. मग इटलीहून मजूर आले, त्यांच्याकडे अकॉर्डियन होते. आधी मारामाऱ्या झाल्या. नंतर अकॉर्डियन आत आला आणि कातड्याची पिशवी बाहेर गेली. पण त्या पिशवीचं नाव होतं म्युझेत, ते नाव नाचाला तसंच राहिलं.

"मेलेल्याचं नाव लावून जिवंत नाचत होता," मादाम म्हणाली. "आणि नुसतं नाव नाही. नवरा म्हणायचा, त्या पिशवीतला सूर कधी सरळ नसायचा, थरथरायचा. लोकांच्या कानाला तो पाहिजे होता. म्हणून अकॉर्डियन लावणारे मुद्दाम दोन जिभांतली एक केसभर वर लावायचे. ती थरथर त्या पिशवीची. ती गेली, पण गेली नाही."

माझ्या कपातली कॉफी निवली होती.

"आणि तुमच्या अर्जेंटिनातला टँगो?" मी विचारलं.

"तुला टँगो म्हटलं की काय दिसतं?"

मी कॉलेजात इंग्रजी वाचलेली. मला झुंबरं, काळा कोट आणि दातांत गुलाब धरलेला पुरुष दिसायचा. तसं सांगितलं. ती इतकी हसली की तिला खोकला आला.

"माझा बाप कत्तलखान्यात कातडी ओढायचा. गुलाब धरायला त्याला दातच नव्हते. एका चाळीत आम्ही इतकी कुटुंबं की नळावर पाच भाषांत भांडणं व्हायची. बायका कमी, पुरुष फार, म्हणून पुरुष पुरुषांबरोबरच नाच शिकायचे. मोठ्या घरच्या लोकांनी आमच्या गल्लीकडच्या खिडक्या बंद ठेवलेल्या असायच्या. मग तो पॅरिसला गेला, तिथल्या श्रीमंतांना आवडला, आणि परत आला तेव्हा आमच्याकडच्या श्रीमंतांनी खिडक्या उघडल्या."

खिडक्यांचं ऐकून मी तिला माझ्या वडिलांचं सांगितलं. नदीपलीकडचा फड, आणि आता त्याच लावण्या पुण्या-मुंबईच्या नाट्यगृहांत तिकीट लावून होतात, हेही. तिला नवल वाटलं नाही. "सगळीकडे तसंच," एवढंच म्हणाली.

शेल्फवर एक चौकोनी पेटी होती, दोन्ही बाजूंना बटणं आणि मध्ये लांब भाता. बँडोनियन. तिच्या बापाची. हे वाद्य जर्मनीतलं, आणि ज्या गरीब देवळांना ऑर्गन परवडत नसे त्यांच्यासाठी ते उपयोगी पडे. बोटींवरून गेलं ब्यूनोस आयर्सला आणि नको त्या घरांत वाजायला लागलं. आपली पेटीही मिशनऱ्यांच्या प्रार्थनेतून येऊन तमाशात आणि भजनात बसली, तेव्हा मला ते लगेच समजलं. तिनं बँडोनियनचं एक बटण दाबून दाखवलं. त्यातही दोन जिभा, पण एक जाड आणि एक बारीक सुराची, मध्ये पूर्ण सप्तकाचं अंतर. सूर सरळ आणि काळाभोर निघाला. थरथर नाही.

"आमच्याकडची दोघं लांब लांब चालतात," ती म्हणाली. "त्याच्याकडची एकमेकांना खेटून भांडतात. आम्ही दोघं जन्मभर त्यावरच भांडलो. तो म्हणायचा, तुमचा टँगो म्हणजे प्रेतामागे चाललेली जोडपी. मी म्हणायची, तुमची जावा, ते म्युझेतचं नाचणं, म्हणजे गरगर फिरणाऱ्या कोळशाच्या गोण्या. आणि इथले लोक आम्हाला दोघांनाही म्हणायचे, ते राहू दे, आमचा पोल्का नाच वाजवा."

"त्यांचा अकॉर्डियन कुठे आहे?"

"त्याच्याबरोबर पुरला. शवपेटी मोठी सांगावी लागली."

तेव्हा मी तिला खरं सांगितलं. दुपारी वाजतं ते माझी पेटी आहे. हवा कोरडी झाल्यानं दोन जिभांमध्ये फरक पडला आहे, म्हणून सूर थरथरतो. दुसरं कुणी नाही. मला वाटलं तिला वाईट वाटेल. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

"वाजवतेस तू. बरं. आणि थरथर कोण आणतं?"

"सांगितलं ना, हवा कोरडी..."

"तुम्ही यायच्या आधीही हवा कोरडीच होती," ती म्हणाली.

मग तिनंच सांगितलं, घुंगरं तीच वाजवत होती. पट्टा पायात बांधून, खुर्चीसमोर उभी राहून. उतारवयात त्याचा पाय सुजायला लागला, तेव्हापासून त्याचा ठोका तीच द्यायची. तुमच्या आईला तिनंच जिन्यात "त्याच्या पायाचं" सांगितलं होतं. आणि श्वास? तो बँडोनियन. बोटं दुखत म्हणून ती बटणं दाबत नसे, हवेची कळ धरून नुसता भाता उघडायची आणि मिटायची. "तो वर आला की त्याला कळायला हवं ना, मी खाली आहे."

म्हणजे सगळ्याची कारणं सापडली होती. मी वर आले आणि मला बरं वाटायला हवं होतं. पण दुसऱ्या दिवशी पेटीसमोर बसले तेव्हा जाणवलं, की इतके दिवस मला वाटत होतं खाली कुणीतरी आहे, आणि खाली बसलेली ती समजत होती वर कुणीतरी आहे. त्या कुणीतरीच्या जागी आता मी बसले होते. मी वरच्या सप्तकात गेले. घुंगरं आली. पूर्वीपेक्षा मला जास्त भीती वाटली.

तिचा मुलगा ॲरिझोनात चँडलरला चिप बनवणाऱ्या कंपनीत होता. आईनं आता एकटीनं राहू नये असं त्यानं ठरवलं होतं. बर्फ वितळलं की येऊन घेऊन जाणार होता, घर विकणार होता. मादामला जायचं नव्हतं. पण मुलाला ती काय सांगणार? मला एकदा म्हणाली, "तिकडे वर कुणी राहत नाही. एकमजली घर आहे. तो येणार कुठून?"

तोवर तिला रोजच्या दुपारा हव्या होत्या. मी कणकण असली तरी तीन वाजता बसायला लागले. तिनं गुणगुणलेली नवऱ्याची एक जावा मी कानानं बसवली. बारीक पावलांची, तीन मात्रांची चाल, वरच्या सप्तकातच फिरणारी. वाजवताना कधी कधी पुढची जागा मला आठवायच्या आत बोटं तिथे गेलेली असायची. सवयीनं होतं तसं. मी स्वतःला असंच सांगत होते.

मग गुढीपाडव्याचा कार्यक्रम आला. तेव्हा मिनेसोटात मराठी माणसं थोडी, पण मंडळ होतं, आणि पाडव्याला नाट्यगीतं ठरली होती. गाणारे एक नागपूरचे काका. पेटीची साथ माझी, कारण गावात पेटी एकच. मी त्यांना म्हणाले, पेटी बेसूर आहे. काका म्हणाले, "मी लावून देतो. नागपूरला पेटीवाल्याच्या दुकानावरच राहायचो आम्ही, निम्मं बालपण कानस ऐकण्यात गेलं."

रविवारी ते आले. टेबलावर वर्तमानपत्रं पसरली, पेटी उघडली. पितळेच्या जिभेखाली पातळ पातं सरकवायचं आणि कानशीनं हलकेच घासायचं. टोकाला घासलं की सूर चढतो, मुळाशी घासलं की उतरतो. एक घासायची, वाजवून बघायची, पुन्हा घासायची. मंद्र सप्तकातला पहिला सूर थरथरत होता. काकांनी दोनदा कानस फिरवली. थरथर संथ झाली, आणखी संथ, एखाद्याचे ठोके मंदावत जावेत तशी, आणि थांबली. सूर सरळ झाला. "हं, गेली," काका म्हणाले. दुसरा सूर. तिसरा. आजोबा कौतुकानं बघत होते. मला ते बघवेना. प्रत्येक सुराला तेच, आधी धडधड, मग संथ, मग काही नाही.

जाळीतून घुंगरं आली. ताल नव्हता. कुणी पट्टा हातात धरून झटकावा तसा आवाज होता. काकांनी पायाकडे पाहिलं.

"वहिनी, मांजर पाळलंय काय?"

मी काही बोलायच्या आत जिन्यावर पावलं वाजली. मादाम गुडघ्यांमुळे वर कधीच येत नसे. ती दारात येऊन उभी राहिली, हातात पट्टा, धाप लागलेली. टेबलावर उघडी पडलेली पेटी पाहून तिनं चौकटीला धरलं.

"काय करताय त्याला?"

काकांनी मराठीत मला विचारलं, "कोणाला म्हणताहेत या?"

"यांचे यजमान या पेटीत आहेत म्हणतात," मी सांगितलं. दुसरं काय सांगणार होते?

काका हसतील असं मला वाटलं होतं. ते हसले नाहीत. त्यांनी कानस खाली ठेवली आणि अगदी डॉक्टरांसारखं विचारलं, "कुठल्या पट्टीत?"

मी इंग्रजीत विचारलं. मादाम पुढे आली. पट्ट्यांवरून बोट फिरवत गेली आणि तार सप्तकावर थांबली. "इथून वर. खाली तो कधीच गेला नाही. खालचे सूर तुझे, असं मला म्हणायचा."

"दुरुस्तच करायची तर पूर्ण करा," आजोबा म्हणाले. "अर्धवट काम कशाला?"

"अरे, तार षड्जाच्या वर माझा आवाज जातो कधी?" काका म्हणाले. "गेल्या दिवाळीला गेलो होतो, तुझ्या बायकोनं पेटी जोरात वाजवून झाकलं ते. मी जिथे जातच नाही, तिथले सूर कशाला लावू? राहू दे त्यांना." मग मादामकडे वळून म्हणाले, "मॅडम, दॅट साइड आय विल नॉट टच. प्रॉमिस."

तिनं मान हलवली. खुर्ची दिली तर बसली नाही. शेवटचा सूर होईपर्यंत टेबलाशी उभी राहून काकांच्या हातांकडे बघत राहिली, पाळत ठेवावी तशी. खालची दोन सप्तकं सरळ झाली, वरचं तसंच राहिलं. पाडव्याला काका चांगले गायले आणि दिलेल्या शब्दाप्रमाणे वर गेले नाहीत.

एप्रिलमध्ये मुलगा आला. आदल्या दुपारी मी पेटी खाली नेली आणि तिच्या बैठकीत बसून ती जावा वाजवली. मादामनं पट्टा बांधला नाही. ती रिकाम्या खोलीत एकटीच चालली, हात कुणाच्या तरी खांद्यावर ठेवावा तसा वर धरून. गिरक्यांच्या चालीवर ती टँगोची लांब, जपून टाकलेली पावलं टाकत होती. ताल जुळायला नको होता. जुळत होता. शेवटी ती खुर्चीपाशी थांबली आणि फ्रेंचमध्ये काहीतरी म्हणाली, मला कळलं नाही. मग मला म्हणाली, "मी त्याला सांगितलंय. आता त्याचं तो ठरवेल."

दुसऱ्या दिवशी ती गेली. बँडोनियन मांडीवर, घुंगरांचा पट्टा पर्समध्ये. पट्टा तिनं मला दाखवूनच पर्स बंद केली. खुर्ची कुणीतरी घेऊन गेलं. खालचा मजला रिकामा झाला, किल्ली आमच्याकडे होती.

नंतरचे काही दिवस मी पेटी काढली नाही. मग एका पावसाळी दुपारी काढली. तुमची आई गालिच्यावर चित्रं काढत होती. मी खालच्या सप्तकात थोडं वाजवलं, मग वर गेले आणि जावा सुरू केली. जाळीतून घुंगरं आली. एकावर ठोका, दोन-तीन, एकावर ठोका. श्वास नव्हता, नुसती घुंगरं.

मी थांबले. आणखी एक ठोका आला. तुमच्या आईनं मान वर केली नाही. तिला पिवळा क्रेयॉन सापडत नव्हता.

"ही इज लेट टुडे," ती म्हणाली.

मी किल्ली घेऊन खाली गेले. दार उघडलं. खोल्या रिकाम्या होत्या. भट्टी बंद होती, पत्रा गार होता, मी हात लावून पाहिला. जाळीशेजारी गालिच्यात खुर्चीच्या पायांचे खळगे होते. त्यांच्यासमोर गालिच्याची लव एका जागी झिजून गेली होती, टाच आपटून आपटून झिजावी तशी. ती जागा मादामच्या पावलापेक्षा मोठी होती. मी दार लावून घेतलं आणि आजोबांना काही बोलले नाही.

उन्हाळ्यात घर विकलं गेलं आणि आम्हीही हललो. त्याच्या थोडं आधी मादामचा फोन आला. इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या. चँडलरला ऊन फार, बँडोनियनचं लाकूड तडकलं, मुलगा चांगला वागवतो. तारेतून तिचा श्वास ऐकू येत होता.

"इकडे तो आला नाही," ती म्हणाली. "तिकडे आहे का?"

मी पेटीकडे पाहिलं, जाळीकडे पाहिलं.

"आहे," मी म्हणाले.

"तू वाजवतेस ना?"

"रोज तीन वाजता."

"बरं," ती म्हणाली. "मग मी इथून ठोका देईन." आणि फोन ठेवला. त्यानंतर तिचं काही कळलं नाही. तिला मी दुसरं काय सांगायला हवं होतं, याचा विचार मी पुष्कळदा केला आहे. मी ऐकलं होतं तेच सांगितलं, यापलीकडे मला काही सुचलेलं नाही.

आजोबा गेले, नागपूरचे काका गेले, ते घर पाडून तिथे दुकानं झाली असं ऐकते. पेटी तुमच्याकडे आहे. खालची दोन सप्तकं हवी तर नीट लावून घ्या. तार षड्जापासून वरचे सूर काकांनी सोडले होते तसेच आहेत, त्यांना कुणी हात लावलेला नाही, आणि ते अजून थरथरतात.